बन्सीची बदली

देवरे पीठ चिमटीत घेऊन बघायचे. दळण झालं, डबा भरला, की झाकण लावायच्या आधी चिमूटभर पीठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरायचं आणि डोळे मिटून चोळायचं. मग एक तर म्हणायचे, "मापात आहे," नाहीतर डबा पुन्हा माझ्याकडे सरकवायचे. मागे रांग उभी असायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "भाऊ, पीठ आहे ते. सोनं नाही."

"सोनं खात नाही मी, आक्का," ते म्हणाले.

असा माणूस. बत्तीस पावसाळे शेजार होता. सिडकोतल्या आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी पुढच्या खोलीत आणि देवऱ्यांचं घर भिंतीला भिंत लावून. गिरणी सुरू झाली की त्यांच्या फळीवरची भांडी वाजायची. दुसऱ्या कोणी भांडण काढलं असतं. देवऱ्यांनी भांड्यांखाली जुनं गोणपाट अंथरलं आणि विषय संपवला.

त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे गठ्ठे अजून आमच्या गिरणीच्या माळ्यावर आहेत. येणारं-जाणारं गिऱ्हाईक वर बघतं आणि विचारतं, आजी, ते काय आहे? सांगून सांगून तोंड दुखतं. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. लांबण लावता येत नाही, ते बरंच आहे.

देवरे मूळचे सटाण्याकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणीच्या खात्यात होते. यंत्रातून निघालेला प्रत्येक तुकडा मापाला लावायचा, बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूच्या लाल पेटीत. सगळा जन्म हेच केलं. "मापात नसेल तर भंगारात," हे त्यांचं वाक्य. कारखान्यातलं ते घरी घेऊन आले. दुकानदाराने साखर कमी दिली तर परत. लग्नपत्रिकेत मुहूर्त एक आणि हॉलबाहेरच्या फलकावर दुसरा दिसला, तर हे आहेर देऊन न जेवता घरी. माणूस वाईट नव्हता. दमवणारा होता.

त्यांची बायको कुसुम उलटी. तिचं कुठलंच माप नव्हतं. मूठ म्हणजे मूठ, चिमूट म्हणजे चिमूट. गोष्ट सांगायला बसली की वांग्याच्या भरतापासून सुरू करून मालेगावच्या मावशीच्या दमेकरी नवऱ्यापर्यंत जायची आणि परत यायची. देवरे ऐकत बसायचे. तिला कधी मापाला लावलं नाही त्यांनी.

गल्लीतला पहिला रंगीत टीव्ही त्यांचा. त्यावर मंगळवारी संध्याकाळी 'ध्रुवयान' नावाची हिंदी मालिका लागायची. आकाशात फिरणारं एक यान, त्यात कप्तान, डॉक्टरीण, मिर्झा नावाचा यंत्रवाला आणि बन्सी नावाचा स्वयंपाकी. अंगावर चांदीच्या कागदाचे कपडे. यानाच्या भिंतीवर जे दिवे लागायचे ती इडलीपात्रं होती, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं. मला त्यात काही राम वाटला नाही. पण दिवसभर गिरणीत उभं राहिल्यावर कुठेतरी पाय पसरून बसायला मिळतं म्हणून मी कुसुमकडे जायची. तेवढा वेळ माझा मुलगा गिरणी बघायचा. मालिका हिंदी होती म्हणून कुसुम मधूनमधून मला विचारायची, "काय म्हणाला गं तो?" मलाही कळलेलं नसायचं. मी काहीतरी सांगायची.

देवरे त्या मालिकेसाठी वेडे होते. का, ते मला ठाऊक नाही. मापात बसवलेलं यान, घड्याळावर चालणारी माणसं, प्रत्येकाचं काम ठरलेलं, ते आवडत असेल. पण त्यांची पाळी फिरती. दुसरी पाळी असली की मंगळवार हुकायचा. मग रात्री जेवताना, नाहीतर सकाळी चहाला, कुसुमने त्यांना तो भाग सांगायचा. भिंत पातळ. मला सगळं ऐकू यायचं.

त्याच वर्षी त्यांची मुलगी गेली. सहा वर्षांची होती. कावीळ झाली, उशिरा कळली. त्यावर जास्त लिहीत नाही. देवरे पाळीवर जायचे, यायचे, ताटावर बसायचे आणि उठायचे. ताट तसंच. कुसुमने सांगून पाहिलं, रडून पाहिलं. मग एका मंगळवारनंतर भिंतीपलीकडून मला तिचा आवाज आला. ती ध्रुवयान सांगत होती. आणि मधे वाटी सरकवल्याचा आवाज. देवरे जेवत होते.

आता त्या मंगळवारी काय झालं होतं ते सांगते, कारण मी तिथे होते. बन्सी मेला होता. यानाच्या बाहेर काहीतरी बिघडलं, कप्तानाने त्याला पाठवलं, दोर तुटला आणि तो गेला काळोखात गोल गोल फिरत. कुसुमने पदर तोंडाला लावला होता.

पण भिंतीपलीकडे ती सांगत होती की दोर तुटला खरा, पण बन्सीने खिडकीची कडी धरली, आत घुसला आणि पिठाच्या कोठीत जाऊन पडला. सगळे शोधताहेत, सगळे रडताहेत, आणि हा कोठीतून बाहेर आला पांढराफटक. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. डॉक्टरीण त्याला बघून किंचाळली.

दुसऱ्या दिवशी मी कुसुमला म्हटलं, "यानात पिठाची कोठी कुठून आली गं?"

"तुमच्या गिरणीतून," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मेला म्हणून सांगितलं तर ते घास टाकतात, आक्का."

पुढच्या आठवड्यात देवऱ्यांची पहिली पाळी. स्वतः टीव्हीसमोर बसले. बन्सी कसा दिसेल? मेला होता तो. देवरे म्हणाले, "बन्सी कुठे आहे?"

कुसुम शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याची बदली झाली. दुसऱ्या यानावर."

देवऱ्यांनी मान हलवली. कारखान्यातला माणूस. बदली होते हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर त्या मालिकेत जेवढी माणसं मेली, आणि ती बदाबदा मेली, त्या सगळ्यांची कुसुमने बदली करून टाकली. मरण नेमकं ह्यांच्या पहिल्या पाळीच्या मंगळवारी आलं, तर ऐन वेळी चुलीवरचं दूध उतू जायचं, नाहीतर पाहुणे यायचे आणि ह्यांना दार उघडायला उठावं लागायचं. हसू नका. मी पाहिलं आहे. कुसुम मालिकेचा रागरंग बघून उठायची आणि बरोबर त्या वेळी काहीतरी सांडायची.

मालिका बंद झाली. माणसं विसरली. देवरे विसरले नाहीत. निवृत्त झाले, कुसुम गेली, घरात एकटे राहिले आणि त्यांनी लिहायला घेतलं. जुन्या कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू, त्यावर पट्टीने रेघा मारून. ध्रुवयानवर लेख. यानातली शिस्त यावर एक. यानातलं अन्न यावर एक. मिर्झा हत्यारं जागेवर ठेवतो, यावर एक अख्खा. मी म्हटलं, "कोण वाचणार हे?"

"ज्यांनी पाहिलं आहे ते."

"ज्यांनी पाहिलं आहे त्यांना चष्मा लागून वरून मोतीबिंदू झाला."

ते हसले नाहीत. गंमत कळायची त्यांना, पण मापात असली तरच हसायचे.

प्रकाशक कोणी मिळाला नाही. पुण्याच्या एकाने उत्तर पाठवलं की विषयाला वाचक नाही. बाकीच्यांनी तेही नाही. मग पंचवटीतल्या एका छापखान्यात स्वखर्चाने द्यायचं ठरलं. तो छापखानावाला लग्नपत्रिका छापायचा आणि दहाव्या-तेराव्याला वाटायची स्तोत्रांची पुस्तकं. गंगेवर दिवसकार्याला माणसं येतात, त्यांना लागतात. देवऱ्यांनी कागद पुढे ठेवले, तर त्याने विचारलं, "काका, धार्मिक ना?"

"नाही. आकाशयानाचं आहे."

"मग वर श्री घालायचं का नाही?"

तीन महिने हा माणूस सिडकोतून पंचवटीत बसने जात होता. तिथे टाइप करणारी मुलगी दर वेळी ध्रुवयानचं ध्रुवबाळ करून ठेवायची. हे दुरुस्त करून द्यायचे, ती दुसरीकडे चुकवायची. घरी येऊन गिरणीच्या पायरीवर बसायचे. पिशवी मांडीवर, मान भिंतीला. मी पाणी द्यायची. कशाला करतो हा माणूस हे, असं मला रोज वाटायचं. आपल्याच चपला झिजवायच्या, आपलीच पदरमोड, आणि शेवटी पुस्तक ठेवायचं कुठे, तर माझ्या माळ्यावर.

एके दुपारी ते छापील पानं घेऊन आले. म्हणाले, "शेवटचं तपासणं आहे. हा लेख मुख्य आहे. कुसुमबरोबर तुम्ही बसायच्या बघायला. तुम्ही साक्षीदार. ऐका."

लेखाचं नाव 'बदली'. त्यांनी वाचायला सुरुवात केली. त्यात म्हटलं होतं की जगातल्या सगळ्या गोष्टींत माणसं मरतात, लेखकाला दुसरं काही सुचत नाही म्हणून. ध्रुवयान ही एकच मालिका अशी की जिच्यात कोणी मरत नाही. माणसाची बदली होते. तो दुसऱ्या यानावर असतो, कामावर असतो, फक्त इथून दिसत नाही. ही मालिका करणाऱ्यांनी कामगाराचं आयुष्य ओळखलं होतं, म्हणून ती थोर. आणि मग पिठाने माखलेल्या बन्सीवर दोन पानं.

वाचताना त्यांचा आवाज बदलला. तो लेख चांगला होता. मला लेखातलं काही कळत नाही, पण दळण चांगलं झालं की वास येतो, तसं.

वाचून झाल्यावर म्हणाले, "कसा आहे?"

मी म्हटलं, "भाऊ, बन्सी मेला होता."

"नाही."

"दोर तुटून मेला. मिर्झा आगीत मेला. ती डॉक्टरीण कशाने ते विसरले, पण मेली. पिठाची कोठी माझ्या गिरणीतली आहे."

ते उभे राहिले. एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस, सटाण्याच्या बोलीत गेला. "कसाले सांगी राहिनी तू माले?" म्हणाले. का सांगते आहेस मला, एवढंच.

"तुम्ही साक्षीदार म्हणालात म्हणून," मी म्हटलं. "उद्या पुस्तकात छापून आल्यावर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं."

ते परत खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "तिने का केलं असं?"

"तुम्ही जेवत नव्हता."

पानं गोळा केली, पिशवीत घातली आणि घरी गेले. दार लावलं.

नंतर कितीतरी दिवस ते दळायला आले नाहीत. छापखान्यातून माणूस येऊन गेला. म्हणाला, काकांनी काम थांबवलंय, अर्ध्या पुस्तकाचे फर्मे छापून पडलेत, त्यांचं काय करू? मला काय माहीत. मी मनात म्हटलं, झालं. मापात नसेल तर भंगारात. हा आता सगळं लाल पेटीत टाकणार. जन्मभर दुसऱ्याचं टाकलं, आता स्वतःचं टाकेल. आणि त्या पुस्तकाशिवाय त्यांच्याकडे काही उरलेलं नव्हतं, हेही मला दिसत होतं. पण मी सांगितलं ते खरं होतं. खरं सांगून मला कधी झोप आली नाही असं झालेलं नाही.

त्यांचा भाचा मनमाडला रेल्वेत. तो आला आणि त्याने मोबाइलवर कुठून तरी ती जुनी मालिका शोधून काढली. मामाला लावून दिली. भिंतीपलीकडे पुन्हा मालिकेचं तेच संगीत सुरू झालं. मला वाटलं, ह्या वयात कशाला हा छळ.

मग एका सकाळी देवरे गव्हाचा डबा घेऊन रांगेत उभे. वाळले होते. त्यांचा नंबर आला. डबा ठेवला आणि म्हणाले, "पाहिली मी."

"मग?"

"भंगार आहे, आक्का. टीव्हीवरची मालिका अगदी भंगार आहे. दिसेल त्याला मारतात. हत्यारंसुद्धा जागेवर ठेवत नाही तो मिर्झा. ते पण कुसुमनेच घातलं होतं." डब्याचं झाकण उघडलं. "कुसुमची चांगली होती."

"आता काय करणार?"

"छापायला सांगून आलो. एक ओळ वाढवली फक्त."

ती ओळ पुस्तकाच्या पहिल्या पानावर आहे. 'या लेखांतील ध्रुवयान माझी पत्नी कुसुम हिने सांगितले तसे आहे. टीव्हीवर निराळे दाखवत.' शब्द एवढेच. वर कुसुमचा फोटो. छापखानावाल्याने सवयीप्रमाणे फोटोभोवती कमळांची चौकट टाकली, वर श्री घातलं आणि खाली समई. देवऱ्यांनी डोक्याला हात लावला. पण छापून झालेलं होतं. म्हणाले, "राहू द्या. तिला आवडलं असतं."

त्याचा परिणाम असा की गल्लीत ज्या बायकांना पुस्तक दिलं त्यांनी ते स्तोत्राचं समजून देवघरात ठेवलं. आमच्या समोरची शिंदीण दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहते. मुखपृष्ठावर यान आहे, ते तिला पुष्पक विमान वाटतं. मी एकदा सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या आजी, विमान ते विमान."

प्रकाशनाचा समारंभ समाजमंदिरात केला. खुर्च्या भरपूर, माणसं थोडी. पाहुणे म्हणून एक निवृत्त विज्ञानशिक्षक बोलावले होते. त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं. चंद्रावर माणूस कसा उतरला, ते त्यांनी सावकाश सांगितलं. माझे गुडघे दुखायला लागले. चिवडा-पेढ्याच्या पुड्या मागे टेबलावर होत्या आणि सगळ्यांचे डोळे तिकडे. मला वाटलं, आता संपलं, घरी जाऊ.

तेवढ्यात मागून एक टोपीवाले गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, मी इगतपुरीहून आलोय, पेपरात वाचून. ही मालिका मी एकूण एक पाहिली आहे. भाषणं चालू असताना मी तुमचा बदलीचा लेख चाळला. हे साफ चूक आहे. बन्सी मरतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. असं चुकीचं छापता कसं?

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या त्याला भर सभेत कोणीतरी मापाला लावलं होतं. आणि त्या गृहस्थाचं म्हणणं बरोबर होतं. मी देवऱ्यांकडे बघितलं. ते माइकपाशी गेले. माइक बंद होता, तरी त्यातच बोलले.

"तुमच्याकडे मेला असेल," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याची बदली झाली."

आणि खाली बसले. गृहस्थही बसले. मग जाताना त्यांनी एक प्रत विकत घेतली. त्या दिवशी विकली गेलेली तेवढीच.

पुढे सांगण्यासारखं फार नाही. पुस्तकं वाटली, उरली ती माझ्या माळ्यावर आली. देवऱ्यांचं शरीर उतरत गेलं. भाचा मनमाडला घेऊन जातो म्हणाला, ते गेले नाहीत. मी दुपारी डबा द्यायची. बोलणं कमी झालं होतं. दोन दमलेली माणसं, बोलणार काय?

शेवटचं त्यांना पाहिलं ती अशीच एक दुपार. खाटेवर होते. मी भाकरी कुस्करून दुधात घातली होती. चार घास खाल्ले आणि म्हणाले, "आक्का, एक राहिलं. शेवटचा भाग."

मालिकेचा शेवटचा भाग त्यांच्या पुस्तकात नाही. त्या मंगळवारी त्यांची दुसरी पाळी होती. घरी आले तर कुसुमने सांगितलं, लाईट गेली होती, काहीच दिसलं नाही. पुस्तकात शेवटी त्यांनी तेवढंच लिहिलं आहे. आणि भाच्याने मोबाइलवर सगळे भाग लावून दिले तेव्हाही शेवटचा त्यांनी बघितला नव्हता. त्याला बंद करायला सांगितलं होतं.

"तुम्ही होतात त्या दिवशी," ते म्हणाले. "काय झालं शेवटी?"

त्या दिवशी मी होते. आग लागून सगळं यान गेलं. कप्तान, उरलेली माणसं, सगळी. एकही राहिला नाही. ते बघून कुसुम मला म्हणाली होती, "आता सगळ्यांची बदली कुठे करू, आक्का?" बराच वेळ ती टीव्हीसमोर बसून राहिली. आणि आमची गिरणी त्या संध्याकाळी एक क्षणही बंद पडली नव्हती. फळीवरची तिची भांडी वाजत होती.

मी वाटीत चमचा फिरवला. "लाईट गेली होती," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गिरणी?"

"बंद होती."

त्यांनी पांघरुणावरचा हात उचलला. अंगठा आणि बोट एकमेकांवर ठेवलं, डोळे मिटले आणि हळूहळू चोळलं. चिमटीत काही नव्हतं.

"मापात आहे," ते म्हणाले.